चाळीस घरांचा खरवस

निवृत्तीच्या समारंभात मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि भिंतीवर लावायचं एक घड्याळ मिळालं, जणू आता बाईंनी घरी बसून वेळ तेवढी बघायची. महिन्याभरात मी दोन गाई घेतल्या.

आदिलाबादेतून मावल्याकडे सरकलं की आमचा प्लॉट लागतो. घराच्या मागे रिकामी जागा होती, तिथे पत्र्याचा गोठा उभा केला. गाई पैनगंगेच्या पलीकडच्या एका व्यापाऱ्याकडून आणल्या, काळ्या-पांढऱ्या, संकरित, दोन्ही गाभण. नवरा तहसील कार्यालयातून रिटायर झालेला कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद लावण्यात गेलं, त्यामुळे गाई दारात उतरताच त्याने दोघींची एकेक मिसल उघडली. अर्ज, दाखला, लसीचा कागद, सगळं दोरीने बांधून. गाईला शेपटी किती लांब आहे हेसुद्धा त्याने लिहिलं असावं, मी बघितलं नाही.

लोकांना वाटलं, बाई दुधाचा धंदा करणार. मीही तसंच सांगत होते. खोटं होतं ते. मला दूध विकायचं नव्हतं, मला खरवस वाटायचा होता.

हे समजायला माझी आई माहीत असायला हवी. आमच्या गावी ती कापसाची मोठी शेती असलेल्या एका घरी गोठ्यात कामाला होती. वीस वर्षं. शेण काढणं, चारा-पाणी, झाडलोट, आणि गाय व्यायली की तिच्यापाशी बसून राहणं. आम्ही गावकुसाबाहेरचे. आजोबांनी दीक्षा घेतली, देव घरातून गेले, पण मालकांचा गोठा काही गेला नाही. गाय व्यायली की मालकांच्या घरून आम्हाला खरवस मिळायचा. मी दाराबाहेर पळसाचं पान धरून उभी राहायची आणि मालकीण वरून लहानसा तुकडा टाकायची. पानाला हात लागू नये म्हणून जरा उंचावरून. तुकडा पडताना पान खाली जायचं आणि मला तो सावरावा लागायचा. खरवस उत्तम असायचा, हे कबूल केलं पाहिजे. मी तो चाटूनपुसून खायची आणि मनातल्या मनात मालकिणीला शिव्या द्यायची. दोन्ही कामं मला एकाच वेळी जमायची.

तर मला एकदा तरी त्या दाराच्या आतल्या बाजूला उभं राहायचं होतं. हातात पातेलं, पुढे लोक, आणि मी वाटतेय. बाकी प्रोटीन, जोडधंदा, सेंद्रिय खत वगैरे जे काही मी पाहुण्यांना सांगायची, ते फक्त ऐकायला बरं होतं.

त्यात योगायोग असा की त्याच मालकांच्या सूनबाई आता आमच्या समोर राहतात. मुलं शाळेत होती तेव्हा त्यांच्या शिक्षणासाठी गाव सोडून मावल्याला घर बांधलं. मी त्यांना काकू म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात. विरजण मागायला येतात, ओट्यावर बसून चहा पितात. जग बदललं बाई, असं आम्ही एकमेकींना सांगतो. थोडं बदललंही आहे. आईला मात्र त्या आल्या की अजून खाटेवरून उठून बसावंसं वाटतं, आणि ते बघून माझं डोकं फिरतं.

आई ऐंशीच्या पुढची. दिवसभर गोठ्याशेजारी खाट टाकून बसायची. डोळे गेले होते जवळपास, कान शाबूत. गाय रवंथ करताना थांबली तरी तिला कळायचं.

पहिली गाय व्यायली ती भर थंडीत, सूर्य वर येता येता. आमच्याकडची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. तेलंगणात कुठे थंडी असते, म्हणतो आणि मग रात्री शाल मागतो. वासरू जमिनीवर पडलं तेव्हा त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. कालवड होती. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. नवऱ्याने लगेच वेळ टिपून घेतली. गाय तिला चाटत होती, आणि अर्ध्या तासात ती पोरगी लटपटत उभी राहिली आणि आईच्या पोटाखाली तोंड घालायला लागली. पहिल्यांदा चुकून पुढच्या पायाला लुचली. मी हसले. मी तिला मागे वळवून सडाशी नेणार, तेवढ्यात काकू शाल गुंडाळून फाटकातून आत आल्या.

"वार पडली का मॅडम?"

वार म्हणजे गाय व्यायल्यावर मागाहून पडते ती जार. मी म्हटलं, अजून नाही.

"मंग वासराले थानाले लावू नोका. वार पोटातच राह्यते. आमच्या घरी वार पडल्याबिगर कदी लावलंच नाई. आन् आमच्या गोठ्यात एक वासरू दगावलं नाई आजपर्यंत. इचारा तुमच्या आईले, त्या होत्याच ना तिथं."

मी आईकडे बघितलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं तंबाखू आहे तोंडात. मी कालवडीला उचलून बाजूच्या खुंटीला बांधलं.

आता विचार करा. मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फळ्यावर गाईच्या पोटाचे चार कप्पे काढून पोरांना पाठ करायला लावले. आणि खुद्द गाय समोर उभी असताना मी कोणाचं ऐकलं? ज्यांनी आयुष्यात शेणात हात घातला नाही त्यांचं. का, तर गोठा त्यांच्या मालकीचा होता. मालकांना माहीत असणारच, हे माझ्या डोक्यात इतकं खोल बसलं होतं की बी.एड.नेही ते निघालं नव्हतं.

वार पडायला दुपारचे तीन वाजले. तोवर ती पोरगी हंबरत राहिली. मी तिच्या तोंडात बोट दिलं तर ती बोटालाच लुचली. जोर होता चांगला. मला कौतुक वाटलं.

मग धार काढली. पिवळाजर्द, दाट चीक. बादली भरत आली तेव्हा मी अक्षरशः देवाचे आभार मानायच्या बेतात होते, पण घरात देव नाही हे आठवलं. माझी यादी तयार होती. चाळीस घरं. शाळेतल्या हजेरीपटासारखी मी ती आठवडाभर आधी लिहून काढली होती: आमची गल्ली, मागची गल्ली, नवऱ्याच्या ऑफिसातले जुने लोक, माझ्या शाळेतल्या बायका, कापसाच्या मार्केटातला ओळखीचा हमाल, आणि सगळ्यात वर काकूंचं घर.

"अवं, वासराले काय ठेवलं?" नवऱ्याने विचारलं. मिसलीत लिहायला हवं होतं त्याला.

"दोन वाट्या पाजल्या ना. उद्यापासून तिचंच आहे सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चीकही गेला. मागच्या गल्लीतल्या तेलुगू बायका जुन्नू, जुन्नू करत डबे घेऊन आल्या. खरवसाला त्या जुन्नू म्हणतात आणि त्यासाठी कोणाच्याही दारात उभ्या राहतात. दारात उभं राहण्याचं दुःख मला माहीत, म्हणून मी त्यांना आत बोलावून, खुर्च्या देऊन दिला. किती मोठं मन माझं! आणि ते सगळं कालवडीच्या तोंडचं काढून.

पण खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. मोठ्या कुकरात वड्या लावत होते, वेलदोड्याचा वास घरभर. आईला पहिला तुकडा दिला. तिने डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाली, गूळ कमी झाला. काकूंनी आमच्या अंगणात उभं राहून, आमच्या चमच्याने, आमच्या बशीतून खाल्ला आणि आणखी मागितला. मी वाढला. उंचावरून नाही, बशीला बशी लावून. मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार कधी मिळाला नाही, पण मिळाला असता तरी तो मी त्या बशीवरून ओवाळून टाकला असता.

दुसऱ्या आठवड्यात कालवड हगायला लागली.

पहिल्या दिवशी आम्ही मनावर घेतलं नाही. लहान पोरं हगतातच. नवऱ्याने मोबाईलवर बघून डाळिंबाच्या सालीचा काढा केला. काकूंनी बेलाचा गर पाठवला. मी कालवडीच्या तोंडात बोटं घालून बादलीतलं दूध प्यायला शिकवत होते, दोन बोटं दुधात बुडवायची, ती चोखायची, मग हळूच तोंड बादलीत न्यायचं. ती चोखायची थांबली. दुसऱ्या दिवशी शेण पाण्यासारखं, पिवळं-करडं, आणि वास असा की मी शाळेच्या संडासांची तपासणी केलेली बाई, तरी मागे सरले. संध्याकाळपर्यंत त्यात रक्त आणि आतड्याच्या सालीसारखं काहीतरी पडायला लागलं. कान थंड, नाक कोरडं, अंग तापलेलं. डोळे खोल गेले होते.

सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर आली. तरुण मुलगी, तेलुगू, पण आमच्यासारख्यांमध्ये काम करून करून मराठी छान बोलायची, फक्त प्रत्येक वाक्य शेवटी वर न्यायची. तिने थर्मामीटर लावला आणि तिचा चेहरा बदलला. सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, शेणाचा नमुना घेऊन मोठ्या लॅबला पाठवायला डबीत भरला. मग हात धुता धुता विचारलं,

"अम्मा, चीक पाजला ना हिला? जन्मल्यावर किती तासांत?"

"लगेच," मी म्हटलं.

"किती?"

"भरपूर."

बत्तीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं मी. इतक्या सफाईने एकाही पोराला जमलं नसेल. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या मिसलीत दोन वाट्या लिहिलेल्या होत्या. आई खाटेवर बसून होती.

डॉक्टरने सांगितलं, वासरू वेगळं बांधा, तिची बादली वेगळी, दुसऱ्या गाईजवळ तिच्या शेणाचे पाय घेऊन जाऊ नका, गोठ्यात चुना टाका, आणि हात साबणाने धुवा, हे माणसांनाही लागतं. शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. हात धुणं मला कोण शिकवणार? दरवर्षी मीच शाळेत हात धुण्याचा कार्यक्रम घ्यायची, पोरांची रांग लावून, वर घोषणा.

तिसऱ्या दिवशी मला लागलं.

पुढचे दोन दिवस मी आणि कालवड एकाच वेळापत्रकावर होतो. ती गोठ्याच्या कोपऱ्यात, मी संडासात. पोटात असे पीळ की मी भिंतीला धरून नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्यांचा काही संबंध नव्हता. अंगात ताप. नवरा मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन धावत होता, आधी गोठ्यात, मग माझ्याकडे. मी विचारलं, मला दुसरा नंबर का? म्हणाला, ती लहान आहे. माणसांच्या डॉक्टरने विचारलं, बाहेरचं काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही, घरचंच. घरच्या कालवडीच्या तोंडात घातलेली बोटं ओढणीला पुसून मी त्याच हाताने भाकरी खाल्ली होती, हे काही मी त्याला सांगितलं नाही. एवढी तर अब्रू ठेवायला हवी होती.

आणि आजारी पडल्या पडल्या मला पहिला विचार काय आला असेल? कालवडीचा नाही. चाळीस घरांचा. खरवसातून हे गेलं असेल तर? गल्लीच्या गल्ली तांब्या घेऊन पळतेय, आणि सगळ्यांच्या तोंडी माझं नाव. काकू तर म्हणतीलच, यांच्या हातचं खाल्लं म्हणून. त्या विचाराने मला जास्त घाम फुटला. मी पडल्या पडल्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, वाफेवर शिजलेल्या खरवसात जंतू राहत नाहीत अम्मा, निर्धास्त राहा. मी निर्धास्त झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी कालवड कशी आहे हे तिला विचारलंच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि आजही वाटते.

कालवडीजवळ आई होती. मी उठू शकत नव्हते, नवरा दमला होता, तेव्हा आईने आपली खाट ओढून कोपऱ्यात नेली. तिला दिसत नव्हतं पण बोटांना सगळं माहीत होतं. कालवडीचं डोकं मांडीवर घेऊन ती चमच्याने पाणी सोडायची, गालाच्या आतल्या बाजूने, ठसका लागू नये असं. मग तिच्या गळ्यावरून हात फिरवायची, गिळेपर्यंत. काहीतरी बोलत असायची तिच्याशी. मी खिडकीतून ऐकायचा प्रयत्न केला, शब्द कळले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. मला जरा बरं वाटत होतं म्हणून मी भिंत धरत गोठ्यात गेले होते. कालवडीने पाय ताणले, एकदा मान उचलली, आणि आईच्या मांडीवर टाकली. आईने नाकाजवळ हात धरून बघितला. मग तोंड पुसलं तिचं, पदराने. मी तिथेच शेणात बसले आणि रडले. मोठ्याने रडले, मागच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. नवऱ्याने मिसल बंद करून दोरी बांधली आणि तोही बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

लॅबचा रिपोर्ट त्यानंतर आला. साल्मोनेला. नवऱ्याला ते नाव एखाद्या सर्कसवालीचं वाटलं. तरी त्याने दोरी सोडून ते मिसलीत लिहिलं आणि खाली सही केली. डॉक्टर समजवायला स्वतः आली. म्हणाली, जंतू कुठून आला हे आता कोणी सांगू शकणार नाही. व्यापाऱ्याच्या गाडीतून आला असेल, गाईच्याच पोटात असेल, खाद्यातून, उंदरांमधून, काहीही. तो सगळीकडेच असतो. पण पहिल्या काही तासांत वासराने पोटभर चीक प्यायला असेल तर त्याच्या अंगात झुंजायचं बळ येतं. एक दिवस उलटला की चीक पाजला काय आणि खरवस करून खाल्ला काय, वासराच्या आतड्याला तो तसा घेताच येत नाही. आणि वार पडायची वाट तर बघूच नये. वासरू प्यायला लागलं की उलट वार लवकर पडते.

मी खाली बघून म्हटलं, "डॉक्टर, मी खोटं बोलले होते. लगेच नाही पाजला. भरपूरही नाही."

"माहीत होतं अम्मा," ती म्हणाली. "आमचा कंपाउंडर तुमच्याच मागच्या गल्लीत राहतो. त्याच्याकडे दोनदा आला होता खरवस. मीही खाल्ला."

मी तिला विचारलं, कसा झाला होता? ती म्हणाली, छान, पण गूळ थोडा कमी.

ती गेल्यावर मी आईजवळ खाटेवर जाऊन बसले. दुसरी गाय समोर रवंथ करत होती, पोट खाली उतरलेलं. आई भिंतीला टेकून होती.

"आई, तुले मालूम होतं?"

"काय?"

"वार पडाच्या आंधी पाजाचं असते ते."

"मंग?" आई म्हणाली. "वीस वर्सं त्यायच्या वासरायले कोन पाजे? मालक म्हणे, वार पडू दे. मी म्हणो, हो जी. तो तोंड धुवाले गेला का मी लावो वासरू थानाले. पोटभर पेलं का तोंड पुसो त्याचं, आन् देओ बांधून. मंग मालकीन येऊन धार काढे. म्हणे, यंदा चीक कमीच आला वं." ती हसायला लागली, दात नसलेलं हसू. "एक बी वासरू दगावलं नाई. कसं दगावन?"

त्या घराचा वीस वर्षांचा नावलौकिक, काकूंची सगळी ऐट, या बाईच्या चोरीवर उभी होती. आणि तिने ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. तो खरवस माझ्या पानावर इतका लहान का पडायचा, तेही मला आता कळलं, आणि तरी मला राग आला. तिचाच आला.

"मंग मले काऊन नाई सांगितलं? इथंच तं बसून होती तू!"

आईचं हसू गेलं. तिने पदर सारखा केला.

"तू मले इचारलं काय? तू त्यायले इचारलं." आणि अगदी साध्या आवाजात, "मालकिनीले कोन सांगते वं?"

तिने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर मी उलट बोलले असते. मला येतं ते. तिने फक्त जे होतं ते सांगितलं. गोठा माझा, गाई माझ्या, यादी माझी. माझ्या घरात, माझ्या खाटेवर बसून माझी आई माझ्यापुढे तोंड मिटून राहिली, आणि मी ते तंबाखूच्या नावावर टाकलं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्यात तसं करत नाहीत, आणि केलं असतं तर ती घाबरली असती. मी म्हटलं, जेवून घे. ती म्हणाली, भूक नाई.

पुढचे काही आठवडे मी गोठा घासण्यात काढले. डॉक्टरने सांगितलं ते सगळं केलं, आणि तिने सांगितलं नाही तेही केलं. फरशी ब्लीचिंग पावडरने धुतली, चुना मारला, जुनी बादली फेकली, कालवडीची खुंटी उपटून जाळली. दुसरी गाय वेगळ्या बाजूला, कोरड्या कडब्यावर. काकू चौकशीला येऊन गेल्या. म्हणाल्या, नजर लागली मॅडम, एवढा वाटला ना. मी चुना कालवत राहिले. आईसमोर तिचं गुपित फोडायचा मला हक्क नव्हता.

दुसरी गाय व्यायली ती सकाळी आठच्या सुमारास. गोऱ्हा झाला. डेअरीवाल्यांच्या हिशेबात गोऱ्हा म्हणजे काहीच नाही. संकरित गोऱ्ह्याला ना कोणी गाडीला जुंपत, ना कोणी विकत घेत. तो पुढे नीट वाढला आणि आज आमची अर्धी कोथिंबीर खातो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पण त्या सकाळी मला ते माहीत नव्हतं. गोऱ्हा उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. काकू आल्याच, हातात झाकणाचा डबा घेऊन, मागे त्यांची सून.

"वार पडली का मॅडम?"

मी उत्तर न देता गोऱ्ह्याला दोन्ही हातांनी धरून गाईच्या पोटाखाली ढकललं आणि त्याची मान खाली दाबायला लागले. तो पाय रोवून मागे सरायचा, मी पुढे रेटायची. गाय फिरली. गोऱ्हा घसरला. मी त्याच्यावर.

"अवं भैताड!"

खाटेवरून आवाज आला, असा की गाईनेसुद्धा कान टवकारले. आई काठी टेकत उठली होती.

"मान काय दाबून राह्यली त्याची? मारतं का त्याले? बाजूले हो! बत्तीस वर्सं शाळा शिकवली का गवत उपटलं तिथं? थान पिळ आंधी. दोन धारा भुईवर जाऊ दे. आता बोट दे त्याच्या तोंडात. बोट! हात नाई वं घालाचा कोपरापर्यंत! आन् बोटाच्या जागी सरकव थान. सरकव. हां."

काकूंसमोर, काकूंच्या सुनेसमोर, खरवसासाठी डबे घेऊन फाटकाशी जमलेल्या लोकांसमोर, एका निवृत्त शिक्षिकेची आईने भादरली. मी शेणात गुडघ्यावर बसून सांगितलं तसं करत गेले. कान तापले होते. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

गोऱ्ह्याला सड सापडलं. त्याची शेपटी हलायला लागली आणि ढुशा मारत तो प्यायला लागला. आईने त्याच्या गळ्याला हात लावून घोट मोजले.

काकू डबा घेऊन एक पाऊल पुढे आल्या. "चीक सगळा तोच पेऊन टाकन, मॅडम. वार तं पडू द्या."

मी काही बोलायच्या आत आईने, गोऱ्ह्याच्या गळ्यावरचा हात न काढता, मान वर करून त्यांच्या आवाजाच्या दिशेने सांगितलं,

"थांबा जराशा. आंधी त्याचं होऊ द्या."

काकू थांबल्या.